सत्तरच्या आत

वजनकाट्यावर चढण्याआधी मंगलताई शेळके अंगावरची एकेक वस्तू उतरवायच्या. आधी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा, मग सोन्याच्या दोन बांगड्या, मग केसांतला मोठा चाप आणि सगळ्यात शेवटी चष्मा. हे सगळं आमच्या वॉशिंग मशीनवर ओळीनं मांडून झालं की त्या भिंतीकडे तोंड करून काट्यावर उभ्या राहायच्या आणि श्वास रोखून म्हणायच्या, "सांगा."

पहिल्या रविवारी मला हसू आलं. "ताई, चष्म्याचं वजन ते किती! माझा काटा शंभर ग्रॅमच्या खालचा फरक दाखवतसुद्धा नाही."

"वजनासाठी नाय काढला. मला आकडा दिसू नाय म्हणून काढला. तुम्ही सांगा."

"एकोणऐंशी किलो, चारशे ग्रॅम."

"ते चारशे सांगायची काय गरज व्हती?"

गळ्यातलं मंगळसूत्र मात्र तसंच होतं. माझी नजर तिकडे गेलेली त्यांना चष्म्याशिवायही कळली. "ते राहू द्या," त्या म्हणाल्या. "त्याच्यासाठीच तर चाललंय सगळं."

शेळके आमच्या समोरच्या दारात राहायचे. सिडकोतली तीन मजली इमारत, लिफ्ट नाही, दुसऱ्या मजल्यावर आमची दोन घरं. शेळके भाऊ वाळूजच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायचे. त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा त्यांना पंचावन्न पुरी झाली नव्हती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. एकुलता एक मुलगा वैभव पुण्यात नोकरीला. त्याचा रक्तगट जुळत होता आणि तो किडनी द्यायला तयारही होता; पण भाऊंनी त्याला एकदाच सांगितलं, "तुझी घ्यायची वेळ आली तर मी मशीनवर जाणंच बंद करीन." ते चिडून म्हणाले असते तर समजूत घालता आली असती. ते शांतपणे म्हणाले, चहा पिता पिता, आणि कप खाली ठेवला.

उरल्या मंगलताई. त्यांचा रक्तगटही जुळला. वय एक्कावन्न, उंची पाच फूट. किडनी देण्याआधी ज्या तपासण्या होतात त्यांतल्या पहिल्याच तपासणीत डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला. वजन फार आहे, साखर अजून डायबेटिसची नाही पण काठावर आहे. असं असताना किडनी काढली तर ऑपरेशनमध्ये धोका, आणि पुढं एका किडनीवर जन्म काढायचा म्हटलं तर त्याहून मोठा धोका. सत्तर किलोच्या आत या, साखर मागं आणा, मग पुढच्या तपासण्या. किती वेळ आहे, असं मंगलताईंनी विचारलं. "तुमच्या मिस्टरांचा हात साथ देतोय तोवर," डॉक्टर म्हणाले. डायलिसिससाठी भाऊंच्या डाव्या हाताची एक शीर ऑपरेशन करून जोडली होती. तिच्यातून रक्त मशीनपर्यंत जायचं. ती शीर आधीच कुरकुर करत होती.

इमारतीत हे फक्त मला ठाऊक होतं. पाचोडला भाऊंची भावकी, तिथं चर्चा नको म्हणून त्यांनी सगळ्यांपासून लपवलं होतं. मला सांगितलं ते माझ्याकडे काटा होता म्हणून. आणि मी हिशेब तपासणीच्या कामात आहे, आकडा वाढवून किंवा कमी करून सांगणार नाही, याची त्यांना खात्री होती म्हणून. त्या मला हिशेबनीस म्हणायच्या.

मंगलताई कधी बेल वाजवत नसत. जाळीच्या दारावर किल्ल्यांचा जुडगा आपटत. "हिशेबनीस, हायसा का?" आत आल्या की बसत नसत. ओट्याला टेकून उभ्या राहत. चहा उभ्यानं, बोलणं उभ्यानं. इतक्या वर्षांत मी त्यांना बसून जेवताना पाहिलं नव्हतं. कधीही त्यांच्याकडे जा, भाऊ टेबलाशी बसलेले असायचे आणि या ओट्यापाशी. तोंडात काहीतरी असायचं आणि हात भांडी आवरत असायचे. "जेवलात का?" विचारलं तर "जेवायचं हाय अजून" हेच उत्तर. खोटं नव्हतं ते. त्यांना तसंच वाटायचं.

वजन उतरवण्याची त्यांची पहिली पद्धत त्यांनी कुणालाही न विचारता ठरवली. सोमवार तर होताच. त्याला गुरुवार, चतुर्थी आणि दोन्ही एकादश्या जोडल्या. उपासाला खिचडी नको, नुसता चहा आणि एक केळं. रात्रीचं जेवण बंद. पहाटे अंधारात कॉलनीच्या मैदानाला फेऱ्या. होळीनंतर सुरू केलं आणि पहिल्या काही रविवारी आकडा भराभर खाली आला. अठ्ठ्याहत्तर, सत्याहत्तर, शहात्तर आणि थोडे. काट्यावरून उतरल्या की त्या वॉशिंग मशीनला धरून डोळे मिटायच्या. मला वाटायचं, आनंदानं. तो अशक्तपणा होता.

मग आकडा थांबला. दोन रविवार तिथंच. तिसऱ्या रविवारी सत्याहत्तर.

"परत बघा."

मी काटा सरकवून पुन्हा उभं केलं. "सत्याहत्तरच."

"तुमचा काटा बिघडलाय."

मी स्वयंपाकघरातून दहा किलोचं न फोडलेलं पिठाचं पोतं आणून काट्यावर ठेवलं. दहा किलो दाखवलं. मंगलताईंनी त्या पोत्याकडे असं पाहिलं की जणू त्यानं त्यांच्याविरुद्ध साक्ष दिली.

"पोरगी व्हते तवा एक दिवस उपाशी राहिलं की गाल बसायचे," त्या म्हणाल्या. "आता आठवडाभर तोंड बांधलं तरी हे पोट म्हणतंय, मी कुठं जात नाय." बोलता बोलता त्यांनी पदरानं मान पुसली. पाळी जाऊन दोन वर्षं होत आली होती, आणि अंगातून मधूनच अशा वाफा निघायच्या की बोलणं तोडून त्या पंख्याखाली जाऊन उभ्या राहायच्या. रात्री तीच गत. घामानं जाग यायची, आणि जाग आली की भाऊंच्या जोडलेल्या शिरेवर बोट ठेवून ती घरघरतेय का ते बघायच्या. घरघरली म्हणजे रक्त वाहतंय. मग पुन्हा झोप लागत नसे.

खाली, पार्किंगमध्ये बायका बसायच्या. त्यांना वजन उतरलेलं दिसत होतं, कारण माहीत नव्हतं. "काय मंगल, वैभवच्या लग्नात लोकांनी नवरी बघायची का तुला?" "अगं, या वयात आता कुणासाठी एवढं?" मंगलताई हसून म्हणायच्या, "आमच्या मालकासाठी, दुसरं कोण!" बायका टाळ्या द्यायच्या. जिना चढून वर येईस्तोवर त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलेलं असायचं.

पावसाळ्याच्या सुरुवातीला त्या जिन्यात पडल्या. गुरुवार होता, सकाळपासून पोटात चहाच होता. गिरणीतून ज्वारीचं पीठ घेऊन वर येत होत्या. मला आधी डबा गडगडल्याचा आवाज आला. बाहेर आले तर पहिल्या मजल्यापर्यंत पायऱ्या पिठानं पांढऱ्या झालेल्या आणि मधोमध मंगलताई, पाठ कठड्याला टेकलेली, डोळे अर्धे मिटलेले. मी गूळ आणायला धावले. त्यांच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य होतं, "मालकाला सांगू नका."

पण रक्त तपासावं लागलं, आणि ते लपलं नाही. हिमोग्लोबिन घसरलेलं. साखर उतरायची सोडून वर गेलेली. डॉक्टर रागावले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. ते एवढंच म्हणाले, "असंच चाललं तर देणाऱ्याच्या यादीतून तुमचं नाव काढावं लागेल. त्यापेक्षा आमच्या शेख मॅडमना भेटून घ्या."

शेख मॅडम रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ. तिशीची मुलगी, डोक्यावरून गुलाबी ओढणी, बोलणं अर्धं मराठी, अर्धं इथलं हिंदी. मी सोबत गेले होते. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "आंटी, भूका रहनेका नई. तुमचं वय असं आहे की पाळी गेली की बॉडी पहिल्यासारखी जाळत नाही. त्यात उपाशी ठेवलं की ती घाबरते. आधी मांस सोडते, चरबी पकडून ठेवते. आणि मांस गेलं की जाळणारं आणखी कमी. समझ्या?"

"समजलं. पण मी तर खातच नव्हते काय."

"काय काय खाता, सांगा."

मंगलताईंनी सांगितलं. मी मनात बेरीज करत होते. दोन भाकरी, वाटीभर भाजी, दोन चहा, एक केळं. तेवढ्यावर सत्याहत्तर किलो टिकत नाहीत. शेख मॅडमनंही बहुधा तीच बेरीज केली. तिनं पेन खाली ठेवलं.

"अंकलना काय देता?"

इथं मंगलताई खुलल्या. डायलिसिसच्या माणसाचं पथ्य त्यांना पाठ होतं. बटाटा चिरून भिजत घालायचा, उकडायचा, पाणी ओतून द्यायचं. मीठ मोजून. पाणी मोजून. अंड्याचं पांढरं रोज, पिवळं द्यायचं नाही.

"सगळं खातात का अंकल?"

"कुठलं! मशीनवरून आले की मळमळतं. निम्मं ताट तसंच राहतं."

"मग घरात बरंच अन्न वाया जात असेल."

"आमच्या घरात?" मंगलताई ताठ झाल्या. "एक शीत वाया जात नाय. माझं माहेर देवगाव रंगारीचं. ताटात टाकलेलं आमच्या बापानं कधी चालवून घेतलं नाय."

"मग जातं कुठं, आंटी?"

बाहेर कुणाचं तरी नाव पुकारलं जात होतं.

"पिवळं कोण खातं?" शेख मॅडमनं हळूच विचारलं.

"ते काय खाणं हाय का?" मंगलताई म्हणाल्या. "ते तर उरलेलं."

त्या खोटं बोलत नव्हत्या. रोज तीन-चार पिवळे बलक, भाऊंच्या ताटातला भात, पाणी काढलेला बटाटा, वैभव आला की त्याच्यासाठी केलेली, पातेल्याच्या तळाशी राहिलेली भाजी, कढईला लागलेलं तेलाचं पिठलं. ओट्यापाशी उभं राहून, हातानं, भांडं घासायला टाकण्याआधी. उपासाच्या दिवशी त्या हे खात नसत. पण झाकून ठेवत आणि दुसऱ्या दिवशी संपवत. त्यांच्या हिशेबात जेवण म्हणजे आपल्यासाठी वाढून घेतलेलं. तसं त्या क्वचितच वाढून घेत, म्हणून त्या क्वचितच जेवत. आमच्या इमारतीतल्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तर तिनं हेच सांगितलं असतं.

शेख मॅडमनं सगळं उलटं करून दिलं. उपास बंद. सकाळी उठल्यावर तासाभरात खायचं, तेही मोड आलेली मटकी, अंडी, दही असलं काहीतरी. दुपारी एक भाकरी, वाटीभर घट्ट डाळ, भाजी, आणि बसून. रात्रीचं जेवण लवकर. फेऱ्या चालतील, पण त्यानं मांस परत येत नाही. त्यासाठी वजन उचलायचं. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं. आणि अंकलच्या ताटातलं काहीही तोंडात घालायचं नाही.

"बाकी सगळं करते," मंगलताई रिक्षात म्हणाल्या. "पण आजारी माणसाच्या ताटातलं कचऱ्यात कसं टाकू? हात उठंना."

बाकी सगळं त्यांनी खरंच केलं. माझंच ते दहा किलोचं पोतं मागून नेलं. दुपारी जिन्यातून त्यांचा आवाज यायचा. पोतं छातीशी धरून त्या पायऱ्या चढायच्या आणि पिठाला शिव्या द्यायच्या. "माझ्याविरुद्ध बोललास ना? चल आता वर." आकडा हलला. सावकाश, आठवड्याला कधी तीनशे ग्रॅम, कधी काहीच नाही. पंच्याहत्तर. चौऱ्याहत्तर. साखरही मागं आली. पण भाऊंच्या हाताची घरघर मंदावत चालली होती, आणि मंगलताईंना ते बोटाला कळत होतं.

भाद्रपदात खालच्या पाटीलकाकूंकडे महालक्ष्म्या बसल्या. त्यांच्याकडे दरवर्षी पाच सवाष्णी जेवायला असतात आणि मंगलताई त्यांतल्या एक, लग्न होऊन इथं आल्यापासून. नाही म्हणायची सोय नव्हती. मी वाढायला मदत करत होते. पाटावर बसताना मंगलताईंनी माझ्याकडे पाहिलं, परीक्षेला बसलेल्या मुलीनं दाराबाहेर थांबलेल्या आईकडे पाहावं तसं. ताटात थोडं थोडं सगळं होतं. आंबील, वरण, भाज्या, वडे, कटाची आमटी, एक पुरणपोळी आणि तिच्यावर तूप. त्यांनी ते शांतपणे, सावकाश संपवलं. मग पाटीलकाकू दुसरी पोळी घेऊन आल्या आणि मंगलताईंनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले.

"अगं, हात काढ."

"नको काकू. झालं."

"एका पोळीवर सवाष्ण उठते का कुठं? निम्मी तरी."

"नको. वाढलं की मला टाकता येत नाय. वाढूच नका."

"लक्ष्मीच्या ताटावर हात आडवा धरतीस? आणि कशासाठी? त्या वजनासाठी?" काकूंचा आवाज चढला. बाकीच्या चार बायका जेवायच्या थांबल्या. एक हसत म्हणाली, "काकू, तिला हिरोईन व्हायचंय, तुम्हाला माहीत नाय का?"

काकूंनी पोळी ताटावर नेली. मंगलताईंनी हात काढले नाहीत. तूप त्यांच्या मनगटावर सांडलं. कढत असणार, पण त्या हलल्या नाहीत.

"काकू, मला सवाष्ण म्हणून बसवलंय ना तुम्ही?" त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. "मग सवाष्ण राहू द्या मला."

कुणाला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं, तसंच बसून, हात ताटावर ठेवून. मालकाच्या किडन्या, वैभवचं, डॉक्टरांचं, सत्तर किलोचं. दोन-तीन वाक्यांत संपलं. हिरोईन म्हणणारी बाई ताटाकडे पाहू लागली. पाटीलकाकू ती पोळी घेऊन वळल्या, देवापुढं गेल्या आणि तिथल्या नैवेद्याच्या ताटात ती ठेवली. परत येऊन त्यांनी मंगलताईंचं मनगट पदरानं पुसलं. त्या दिवसापासून पार्किंगमधून मंगलताई गेल्या की बायका फक्त विचारायच्या, "किती राहिले?"

दसऱ्याच्या सुमाराला भाऊंच्या हाताची शीर बंद पडली. मानेतून नळी घातली आणि तिच्यावर डायलिसिस सुरू झालं. त्या नळीला जंतू लागायला वेळ लागत नाही, हे सगळ्यांना सांगितलेलं होतं. एकदा थंडी वाजून ताप आला, भाऊ आठवडाभर रुग्णालयात राहिले. घरी आले ते निम्मे होऊन. आता त्यांच्या ताटात निम्म्याहून जास्त राहायचं. आणि मंगलताईंचं वजन बाहत्तरवर येऊन बसलं. एक रविवार, दोन रविवार, तीन. चौथ्या रविवारी मी सांगितलं, "बाहत्तर, तीनशे." त्या काट्यावरून उतरल्याच नाहीत. भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"ताई," मी म्हणाले, "बेरीज जुळत नाही."

"माहीत हाय."

"खाताय ना परत?"

"ते एक घास खातात आणि माझ्याकडं बघतात. आणि ते ताट मी कचऱ्यात उपडं करू? उद्या काय झालं तर मला काय आठवंल, सांगा? हेच आठवंल."

दार उघडंच होतं. समोर, त्यांच्या दारात, भाऊ खुर्ची धरून उभे होते. त्यांनी ऐकलं होतं.

त्याच दुपारी जिन्यात मंगलताईंचा ओरडा ऐकू आला. मी बाहेर धावले. भाऊ एक एक पायरी उतरत होते. मानेला पट्टी, एका हातात कठडा, दुसऱ्या हातात स्वतःचं जेवणाचं ताट, त्यात भात आणि बटाटा तसाच. मागं मंगलताई. "अहो, पडाल! अहो, नळी निघंल! द्या इकडं ते!" भाऊ थांबत नव्हते. दोन मजले उतरायला त्यांना किती वेळ लागला कोण जाणे. प्रत्येक वळणावर ते थांबायचे, तोंड उघडून श्वास घ्यायचे आणि ताट छातीशी धरायचे. मंगलताई हात पुढं करायच्या आणि ते मान हलवायचे. खाली गेटपाशी कॉलनीची दोन कुत्री पडलेली असायची. भाऊंनी वाकून ताट त्यांच्यापुढं उपडं केलं. वाकताना तोल गेला, मी खांदा धरला.

मग ते मंगलताईंकडे वळले. "माझं उष्टं तुझ्या पोटात नाय जाणार आता," ते म्हणाले. "रोज मी खाली येईन. मेलो तरी चालंल. तू ओट्यापाशी उभी राहिलेली दिसलीस का मी निघालोच."

"असं नका बोलू."

"मग बस माझ्यासमोर आणि जेव. तुझं तू."

पाटीलकाकू दारात आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, उद्यापासून ताट माझ्याकडं पाठवा, मी घालीन कुत्र्यांना." आणि दुसऱ्या दिवसापासून तसंच झालं. मंगलताईंनी टेबलाला दुसरी खुर्ची लावली. भाऊ स्वतःच्या हातानं मोजकं वाढून घ्यायचे. मी कधी गेले तर दोघं समोरासमोर बसलेले असायचे, गुपचूप, पाहुण्यांसारखे अवघडून.

थंडी पडली. एकाहत्तर. सत्तर आणि आठशे. सत्तर आणि तीनशे. भाऊंना पुन्हा ताप आला, पुन्हा उतरला. रुग्णालयानं बोलावलं त्या सकाळी वैभव पुण्याहून आला होता. आदल्या दिवशी माझ्या काट्यावर सत्तरला शंभर ग्रॅम कमी होते, आणि रुग्णालयाचा काटा माझ्यासारखाच दाखवेल याची मला खात्री नव्हती. मी तसं सांगितलंही. पाणी न पिता जाऊ का, असं त्यांनी शेख मॅडमला फोनवर विचारलं. "आंटी, पाणी पिऊन या," ती म्हणाली. "चोरी नक्को."

रुग्णालयातला काटा उभा होता, मोठा, डोळ्यांच्या रेषेत आकडे दाखवणारा. मंगलताईंनी किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडे दिला, बांगड्या वैभवकडे, केसांतला चाप काढला. मी हात पुढं केला, चष्म्यासाठी. त्यांनी मान हलवली. चष्मा डोळ्यांवर ठेवूनच त्या चढल्या आणि सरळ आकड्याकडे पाहत राहिल्या. आकडा थोडा वरखाली झाला आणि थांबला.

"एकोणसत्तर, सहाशे," त्या स्वतः म्हणाल्या. मग नर्सकडे वळल्या. "लिहा. सहाशे पण लिहा."

बाकीच्या तपासण्या झाल्या, किडनी द्यायला परवानगी देणाऱ्या समितीपुढं जाणं झालं, ऑपरेशन झालं. भाऊंना नवी किडनी लागू पडली. हे मी एका ओळीत लिहिते आहे, पण ते तसं घडलं नाही; ऑपरेशनच्या खोलीबाहेर वैभव आणि मी बसलो होतो त्या सकाळी मला एकही बेरीज सुचली नाही. घरी सोडताना डॉक्टरांनी मंगलताईंना पुन्हा बजावलं, आता एकच किडनी आहे, वजन वाढू द्यायचं नाही, जन्मभर. त्या म्हणाल्या, "एवढ्यासाठी उतरवलं व्हय? मला वाटलं, संपलं."

पुढच्या उन्हाळ्यात ते दोघं वैभवकडे पुण्याला राहायला गेले. तिथं तपासण्यांना सोपं पडणार होतं. जायच्या दिवशी दुपारी मी त्यांना जेवायला बोलावलं. भाऊंचा चेहरा भरला होता, तोंडावर मास्क, जेवायला बसताना तेवढा काढला. मंगलताई न सांगता खुर्ची ओढून बसल्या, आधी स्वतःच्या ताटात वाढून घेतलं. वांग्याचं भरीत, डाळ, दोन ज्वारीच्या भाकरी. पार्किंगमधल्या बायकांच्या नकला करत, मला टोमणे मारत त्या जेवल्या. मग एकदम थांबल्या, ताट पुढं सरकवलं, हात धुतला आणि किल्ल्यांचा जुडगा उचलला. तो आता घरमालकाला परत द्यायचा होता.

त्या दारापर्यंत गेल्या तोवर मी टेबल आवरायला लागले होते. त्यांच्या ताटात अर्धी भाकरी राहिली होती, कडेला, न मोडलेली. बोलता बोलता मी ती उचलली आणि तोंडाकडे नेली.

जाळीच्या दारावर किल्ल्या जोरात आपटल्या.

"हिशेबनीस," मंगलताई म्हणाल्या, "ठेवा ती खाली."